बाबांच्या जागी

माझं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. मी सॉफ्टवेअरचे तुकडे सुटे सुटे तपासतो. एखादा तुकडा हवामानाची खबर घेऊन पुढं जाणारा असला, तर दर वेळी खऱ्या यंत्रणेला विचारत बसत नाही. तिच्या जागी एक खोटी उभी करतो. तिला आम्ही मॉक म्हणतो. ती पढवलेलं तेवढंच बोलते. 'ऊन आहे' शिकवलं की बाहेर ढगफुटी झाली तरी 'ऊन आहे'. त्या उत्तरावर आपला तुकडा बरोबर वागला, की पडद्यावर हिरवी खूण येते.

गावी, वैशाखऱ्याच्या घरी बसून मी हे करत होतो, त्या पावसाळ्यात बाबा ओढ्याच्या पुरात गेले. म्हशीला आणायला उतरले होते. म्हैस परत आली. गावानं टोकावड्यापर्यंत काठ धुंडाळला. छत्री सापडली, बाबा नाहीत.

आई रडली नाही. "पवता येतं त्यांना. लागले असतील कुटंतरी काठाला," एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. मला तिची भीती वाटायला लागली.

शेवटी काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणाले, "आता वाट बगून उपेग नाय रे. दर्भाचा पुतला करू, अग्नी देऊ." माणूस हाती लागला नाही की तसं करतात. आई काकांच्या अंगावर गेली. जित्या माणसाला जाळता काय, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉपवर काम करत होतो, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली. "दिवसभर काय करतो रे यावर?" मी सांगितलं, खऱ्याच्या जागी खोटं ठेवतो आणि काम भागवतो.

"नि खरा?"

"खरा असतो की त्याच्या जागेवर."

तिनं मान हलवली. संध्याकाळी काकांना म्हणाली, "करा पुतला." सगळ्यांना हायसं वाटलं. ती कशाला 'हो' म्हणाली ते मला एकट्याला कळलं होतं, आणि तेवढा आधार काढून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती.

पुतळ्याला मी बाबांचा सदरा घातला. अग्नी दिला. गवतच ते, बघता बघता संपलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा येईना. झाडावर बसले होते, पण ढुंकून बघत नव्हते. काकांनी हात जोडून, भावजयीला सांभाळू, पोराचं लग्न करू, असं सगळं कबूल केलं. काही उपयोग नाही. आभाळ भरून आलं तसे भटजी घाईला आले. त्यांनी दर्भाचाच कावळा वळला, त्याची चोच पिंडाला लावली आणि झालं म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच किळस वाटली. पुतळा खोटा, कावळाही खोटा, आणि विधी पास. ऑफिसात असली चाचणी कुणी दाखवली असती, तर मी परत पाठवली असती. सगळेच मॉक लावलेत, मग तपासलंत काय?

घरी आलो तर आई दारातच उभी.

"कावला शिवला का?"

तिचा चेहरा जवळजवळ आनंदी होता. बाबा जिवंत आहेत, तेव्हा कावळा शिवणारच नाही, याची तिला खात्री होती. काका माझ्याकडं बघायला लागले. खरं सांगितलं असतं तर ती जन्मभर ओढ्याकडं डोळे लावून बसली असती.

"शिवला," मी म्हणालो. "पिंड ठेवला नि लगेच शिवला."

आई उंबऱ्याजवळ खाली बसली. इतक्या दिवसांचं रडं एकदम बाहेर आलं. मी धरायला गेलो तर तिनं माझे हात झटकले. बाबा ओढ्यात गेले असं सगळे म्हणतात. आईपुरते ते त्या दिवशी गेले, माझ्या तोंडून.