गॅसकिनसाठी तिसरा कप

खून कुणी केला ते मेव्हिस एन्टविसल पहिल्या जाहिरातीच्या आत सांगून टाकायची. वर सांगून झालं की चहा टाकायला उठायची, आता बघण्यासारखं काही उरलंच नाही अशा थाटात. शेजारच्या थेल्माचा अगदी जीव जायचा.

"अगं बाई, निदान मला तरी बघू दे की!"

"बघ ना, नाही कोण म्हणतंय? माळी नाहीये तो. डॉक्टरची बायको आहे. बिस्कीट घे."

आणि तासाभराने खरोखरच डॉक्टरची बायको पोलिसांच्या गाडीत.

लँकशायरमधल्या त्या चढाच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून दगडी घरं आहेत, त्यातल्या शेजारशेजारच्या दोन घरांत दोघींचं आयुष्य गेलं. मेव्हिस गिरणीत कापड तपासायला होती. अख्ख्या ताग्यात एक धागा तुटलेला असला तरी तो हिच्या नजरेतून सुटायचा नाही. गिरणी बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला सांगून आलेले सगळे रहस्यकथेच्या दुसऱ्याच प्रकरणात मरणाऱ्यांतले होते. उगाच कशाला?"

वाचनालयाची गाडी गल्लीत आली की हिने रहस्यकथांचं कपाट रिकामं केलंच म्हणून समजा. आणि एकेका गुप्तहेराबद्दल हिची मतं ठाम. मधमाश्या पाळणारी ती खेड्यातली मिस टटल? "जिथे चहाला जाते तिथे मुडदा पडतो. बोलावतं कोण या बाईला?" बर्फाळ देशातला तो सदा रडवेला पोलीस? "त्याला कुणीतरी दोन वेळचं गरम जेवण घाला गं. निम्मे खून आपोआप उलगडतील." पण इन्स्पेक्टर गॅसकिनबद्दल एक वाकडा शब्द चालायचा नाही. रविवारी संध्याकाळी आठ वाजता तो टीव्हीवर यायचा. चुरगळलेला टाय, दुखरा गुडघा, आणि खुन्याला पकडलं तरी आधी म्हणणार, "बस जरा. दमला असशील." मेव्हिसचा जीव होता त्याच्यावर.

थेल्माचा नवरा गेला, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मेव्हिस दारात येऊन उभी राहिली. चेहऱ्यावरची रेषही न हलू देता म्हणाली, "आठला गॅसकिन येतोय माझ्याकडे. मी बिनलग्नाची बाई, एकटीने परक्या पुरुषाबरोबर बसणं बरं दिसत नाही. तू चल." थेल्मा रडता रडता हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिथे गेली तर टेबलावर तीन कप मांडलेले. तिसरा निळ्या काठाचा, इन्स्पेक्टरचा, बिनसाखरेचा.

तेव्हापासून हे चालूच राहिलं. "काल गॅसकिनने जिना भिजवून ठेवला, पाय पुसत नाही मेला." "त्याच्या गुडघ्याला तेल लाव म्हणावं." दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. त्या गल्लीत थट्टा करायची ती अशीच. जो हसला तो हरला. खाटीक, पोस्टमन, चर्चमधल्या बाया, सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे समजावून सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

मग एका रविवारी मेव्हिस जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला घरी आणलं, खाट खाली बैठकीच्या खोलीत घातली. तिच्या भावाचा मुलगा क्लाइव्ह दूर दक्षिणेतून धावत आला. पोरगा वाईट नव्हता हो. कामधंदा सोडून आलेला, डोळ्यांखाली काळं, सारखा फोनवर. त्याला एकच भीती, आत्या पुन्हा पडेल आणि दोन दिवस कुणाला पत्ता लागणार नाही. त्याने सरकारी समाजसेवा खात्यात कळवलं आणि तिथून मिस हॅरोप आल्या, मेव्हिसला एकटीने राहता येईल की नाही ते ठरवायला. तरुण बाई, दुसऱ्या गावची, बोलायला गोड. थेल्माने चहा केला आणि हाताला लागला तो कप त्यांच्यापुढे ठेवला.

"तो नको," मेव्हिस म्हणाली. "तो इन्स्पेक्टरचा आहे."

"कोण इन्स्पेक्टर?" मिस हॅरोपने विचारलं.

"गॅसकिन. दर रविवारी येतो. बिनसाखरेचा घेतो."

"असं? आणि तुम्ही पडलात ती कशी?"

"त्याचीच घाई. आठ वाजत आले, मी आपली वर. म्हटलं, तो यायचा आणि मी नसायची. उतरले धावत."

आता इथे थेल्माने बोलायला हवं होतं. ती बोललीही, पण काय बोलली? गंभीर चेहरा करून म्हणाली, "आणि एवढं होऊन बघायला आला का? फूल नाही, फळ नाही. पुरुषांची जातच तसली." तिला वाटलं, आता ही पोरगी हसेल, आपण जिंकू, मग सगळे मिळून आल्याचा केक खाऊ. मिस हॅरोप हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, अगदी मायेने. मग स्मरणशक्ती तपासायला पंतप्रधान कोण ते विचारलं. मेव्हिस म्हणाली, "सकाळपासून बातम्या ऐकल्या नाहीत, बदलला असला तर ठाऊक नाही." क्लाइव्ह खिडकीबाहेर बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

महिन्याच्या आत मेव्हिसला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात हलवलं.

दोन बस बदलून थेल्मा मिस हॅरोपच्या कचेरीत गेली. "अहो, गॅसकिन टीव्हीवरचा आहे!"

"आम्हाला ठाऊक आहे, थेल्मा. माझी आई पण बघते. प्रश्न, मेव्हिसला ते ठाऊक आहे का, हा आहे."

"आहे की! थट्टा होती ती."

"मग त्या त्याच्यासाठी कप का मांडायच्या?"

"थट्टा म्हणून!"

"वर्षानुवर्षं? दर रविवारी? कुणीही बघत नसताना?"

काय सांगणार? चार भिंतींच्या आत, दोन म्हाताऱ्यांनी, कुणीही बघत नसताना केलेली थट्टा हीच खरी थट्टा असते, हे कसं समजावून द्यायचं? थेल्मा बोलत गेली तसं तिला स्वतःलाच ऐकू येत होतं की आपण वेड्यासारखं बडबडतोय. शेवटी मिस हॅरोपने तिच्या हातावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुम्ही एकट्याच राहता का हो?" थेल्मा उठली. बसमध्ये ती पर्स पोटाशी घट्ट धरून बसली होती. आणखी दोन शब्द बोलले असते तर मलाही तिकडेच नेलं असतं, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

क्लाइव्हला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला वाईट वाटतंय ते कळतं मला. पण ती माझ्यासमोर बोलली. मी स्वतः ऐकलं." आवाज इतका थकलेला, की त्याच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही. दुष्ट कुणी असता तर एक वेळ भांडता आलं असतं. इथे सगळेच काळजी करणारे! त्या दोघींनी जन्मभर पाहिलेल्या गोष्टींत शेवटाआधी कुणीतरी यायचा, एका साध्या गोष्टीवर बोट ठेवायचा, आणि चुकून अडकलेल्या माणसाची सुटका व्हायची. थेल्माने तशी वाट पाहिली. कोण येणार होतं? डॉक्टर आला, त्याने आधीचं लिहिलेलं वाचलं आणि खाली सही केली.

आश्रमाचा खर्च भागवायला घर विकावं लागलं. तिकडची रीतच ती. जानेवारीत एक तरुण जोडपं राहायला आलं आणि त्यांनी मेव्हिसचं दार पिवळं रंगवलं. माणसं चांगली, थेल्माला जाता-येता हाक मारतात. क्लाइव्हने बजावलं होतं, "आत्याला इतक्यात सांगू नका. जरा रुळू दे तिला." थेल्माने कबूल केलं. नाहीतरी हे तोंडाने सांगायचं कसं?

पुढे एका रविवारी दुपारी ती भेटायला गेली तेव्हा मेव्हिस खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. शेजारी पॉपी नावाची मदतनीस चादरीच्या घड्या घालत होती. मेव्हिसचे केस कुणीतरी भलतीकडेच भांग पाडून विंचरले होते. थेल्माला ते बघवेना. काहीतरी आपलं, जुनं बोलावं म्हणून ती म्हणाली, "गॅसकिन विचारत होता गं तुला. गुडघा फार दुखतोय म्हणाला."

मेव्हिसने आधी पॉपीकडे पाहिलं. मग शाळेत कविता म्हणतात तशा स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "असा कुणी माणूस नाही, थेल्मा. तो टीव्हीवरचा नट आहे. आज रविवार, फेब्रुवारी महिना."

"शाब्बास, मेव्हिस!" पॉपी म्हणाली. "पाहिलंत ना, थेल्मा? किती सुधारल्यात!" आणि चादरी घेऊन आनंदाने बाहेर गेली.

दार लागलं तशी मेव्हिसने थेल्माचं मनगट पकडलं. बोटं थंडगार होती. "बरोबर बोलले ना मी?"

"अगदी बरोबर बोललीस."

"रोज घोकते गं. वार, महिना, पंतप्रधान. महिने उलटेसुद्धा येतात आता, डिसेंबरपासून. ईस्टरनंतर पुन्हा तपासणार आहेत. तेव्हा एकदाही कुणाला हसवणार नाही मी, शप्पथ. तूसुद्धा काही बोलू नकोस हं. एवढं पार पडलं की सोडतील ना घरी?"

थेल्माने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. मेव्हिसने मात्र हो धरलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तोवर माझ्या खिडक्या तेवढ्या उघडत जा. बंद घर कोंदट होतं गं."

"उघडते," थेल्मा म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती ती?