पुढची धून

भाऊ गेल्यावर सेनन मॅरिनन याने वर्षभर बासरीला हात लावला नाही. घरात कुणी गेलं की वर्षभर वाजवायचं नाही, ही आयर्लंडच्या पश्चिम क्लेअरमधली रीत. सेननने वर्ष पाळलं आणि वर एक हिवाळाही पाळला. तेव्हा मात्र लोक म्हणू लागले, हा जरा जास्तच करतोय.

थोरल्या फ्लॅनकडे फिडल, म्हणजे व्हायोलिनच. सेनन धाकटा, म्हणजे साठीचा. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ते होऊन गेलं. थोड्या गायी, जळणाला दलदलीतून कापून आणलेलं पीट, चुलीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. बोलणं गायींपुरतं. संध्याकाळी दोघं एखादी रील, म्हणजे जलद नाचाची धून, धरायचे आणि तिच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की फ्लॅन "हप्!" म्हणून न थांबता दुसऱ्या धुनेत शिरायचा. कुठल्या, ते आधी सांगायचा नाही. गवत भिजलं असलं की कण्हणारी; कालवड झाली की नाचरी. भावाच्या मनात काय चाललंय ते सेननला आयुष्यभर त्या दुसऱ्या धुनेवरूनच कळत आलं. आजारही तसाच कळला. डॉक्टरांनी नंतर दुजोरा दिला.

मार्चमधल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, सेनन डिम्फ्ना टॅल्टीच्या पबमध्ये शिरला. खिशातून लाकडी बासरीचे तुकडे काढून तो जोडू लागला, तेव्हा सगळ्यांनी मोठ्या सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

"धूळ असेल रे तिच्यात," अकॉर्डियनवाला गस म्हणाला. "फुंकायचं तर तिकडे फुंक, माझ्या ग्लासात नको."

"तुझ्या ग्लासात काही उरतं होय कधी?" डिम्फ्नाने काउंटरमागून विचारलं.

"तूच सुरू कर, सेनन," गस म्हणाला.

सेननने नेहमीची रील धरली. बाकीचे वादक मागोमाग आले. बोटं काही विसरली नव्हती. फेऱ्या झाल्या. ज्याने सुरू केलं त्यानेच धून बदलायची, म्हणून सगळे सेननकडे बघत होते. आणि सेनन "हप्"ची वाट बघत होता. पुन्हा तीच रील पहिल्यापासून.

"बदल की रे बाबा!" गस ओरडला. "घाण्याला जुंपलंयस काय आम्हाला?"

पुढची धून निवडायची म्हणजे आपल्याला काय वाटतंय ते चारचौघांत सांगायचं. हे काम सेननने जन्मात केलं नव्हतं. एकेक जण दमून थांबला. शेवटी गसनेही भाता मिटला. एकटी बासरी उरली, आणि साथ सुटल्यावर तीच उड्या मारणारी रील कुणीतरी दाराबाहेर रडत असल्यासारखी वाटू लागली. डिम्फ्नाने बिअरचा नळ बंद केला. माणसं खाली बघू लागली. ते सेननला सोसेना.

त्याने धून बदलली. कालवडीची, त्याला येणाऱ्यांतली सगळ्यांत उनाड. खोलीने हुश्श केलं. पाय आपटू लागले, गस आणि मंडळी तुटून पडली.

"आला बघा परत!" गस म्हणाला. "मी सांगत नव्हतो, माणूस होतो बरा?"

डिम्फ्नाने न विचारता काळ्या बिअरचा ग्लास सेननपुढे ठेवला. तो मान डोलावून वाजवत राहिला. धून धडधडीत खोटी होती. फ्लॅन असता तर पहिल्याच ओळीला त्याने गज खाली ठेवला असता. इथे पबभर माणसं होती आणि सगळ्यांनी ताल झकास धरला होता.