पंपाशी मागे फिरणारी गाडी

दादाला मुलीकडे जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. रस्ता तासाभराचा, हातात गाडी, अडवणारं कोणी नाही. तरी पाय निघत नव्हता.

वहिनी दवाखान्यात होती तेव्हा त्याची मुलगी, आमची ठमी, रोज फोन करून विचारायची, बाबा, मी निघू का? दादा म्हणायचा, काही घाई नाही, तुझी नोकरी नवीन आहे, सांभाळ. शेवटच्या दिवशीही त्यानं तेच सांगितलं. ती पोचली तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता. सगळं उरकल्यावर ठमी जी गेली ती परत घरी आली नाही. बापाशी बोलणं बंद. मला मात्र दर आठवड्याला फोन करायची. इकडचं तिकडचं झालं की शेवटी हळूच विचारायची, "आत्या, गाडी कशी आहे?" मीही तशीच. म्हणायची, बरी आहे गं, जरा खोकते सकाळी, पण कामाला जाते. फोन ठेवला की दादा पलीकडच्या खोलीतून येऊन उगाच पाणी प्यायचा आणि विचारायचा, काय म्हणत होती? मी सांगायची, गाडीची चौकशी करत होती. त्याला तेवढं पुरायचं. म्हणजे पुरत नव्हतंच, पण पुरवायचा.

आमची दोघांची कामं एकाच ठिकाणी. दवाखान्याच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट धुवायची मोठी लाँड्री आहे, तिथं मी घड्या घालते आणि दादा त्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात पोचवतो. जाताना स्वच्छ गठ्ठे, येताना मळके. अंतर इतकं कमी की एका टोकाला चालू केलेली गाडी गरम व्हायच्या आत दुसऱ्या टोकाला बंद होते. पूर्वी दादा मोठ्या ट्रकवर होता, आठ-आठ दिवस घराचं तोंड बघायचा नाही. वहिनी आजारी पडली तसं ते सोडून त्यानं हे जवळचं काम धरलं. ती गेली, काम राहिलं.

ही पिकअप त्याची जीव की प्राण. रविवारी धुणार, पुसणार, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं काढणार, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी ओढून बघणार. एवढं करूनही ती चढावर दम टाकायला लागली आणि समोर पिवळा दिवा लागला, तेव्हा त्याला स्वतःच आजारी पडल्यासारखं झालं. गॅरेजवाला त्याच्या ओळखीचा, वयानं लहान, पण तोंडानं फटकळ. दादानं त्याला अभिमानानं सांगितलं की बाकी काही असो, माझी गाडी तेल खात नाही, उलट पट्टीवर तेल वाढलेलं दिसतं. गॅरेजवाल्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, काका, तेल काय आपोआप विरजण लागून वाढतं का? त्यात डिझेल उतरलंय.

मग त्यानं समजावून दिलं. धुरातली काजळी एका डब्यात, म्हणजे फिल्टरमध्ये, साठते. डबा भरत आला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून तो तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. त्या वेळी पंखा जोरात फिरतो, इंजिनाचा आवाज चढतो. पण त्यासाठी गाडी सलग पळायला हवी. दादाचं काय व्हायचं, पंखा घोंघावला की त्याला वाटायचं, गाडी तापली बिचारी. लगेच बंद करून बॉनेट उघडून तिला वारा घालत उभा राहायचा. मी स्वतः पाहिलंय, चादरीची घडी हातात धरून. ती साफ व्हायला लागायची आणि हा मायेनं तिचा गळा दाबायचा. जळायचं डिझेल मग तेलात उतरायचं.

गॅरेजवाल्यानं तेल बदललं, डबा मशीन लावून साफ केला आणि बजावलं. आठवड्यातून एकदा हायवेला घेऊन जा, मोकळी पळव. पंखा सुरू झाला की काहीही होवो, गाडी बंद करायची नाही. थांबावंच लागलं तर इंजिन चालू ठेवून उभी कर. आणि खाली वाळका पालापाचोळा नको, धुराडं निखाऱ्यासारखं तापतं.

हायवे दोन बाजूंना जातो. दादा कोणत्या बाजूला वळणार हे मला विचारावं लागलं नाही.

दर रविवारी दुपारी तो निघायचा. ठमीच्या गावाच्या अलीकडे एक पेट्रोल पंप लागतो, तिथवर जायचा आणि मागे फिरायचा. आल्यावर मी बघायची, आज चेहरा वेगळा आहे का. नसायचा. एकदा मी म्हटलं, अरे, पुढे दहा मिनिटांवर लेक आहे तुझी. तर म्हणाला, गाडीला एवढंच लागतं. मी जास्त बोलले नाही. सकाळी देवापुढे हात जोडताना मात्र सांगायची, बाबा रे, हिला जरा जास्त लागू दे.

मग एका रविवारी पंपाजवळची दुभाजकातली वळायची फट बुजवलेली निघाली. वळायचं तर पुढे, पुलाखालून. पुलाखालून त्याला परत येता आलं असतं. आला नाही. हे त्यानं मला कबूल केलं, का ते सांगितलं नाही.

ठमीची इमारत त्याला माहीत होती, तिचं कपाट त्यानंच याच गाडीतून पोचवलं होतं. रस्त्यापलीकडे झाडाखाली थांबून, तिची खिडकी बघून निघायचं, एवढाच त्याचा बेत. थांबला, किल्लीला हात लावला, आणि पंखा सुरू झाला. बंद करायची सोय नाही. खाली बघतो तर झाडाचा वाळका पाला. निघून जायला मन होईना. शेवटी मोकळी जागा दिसली ती फाटकासमोर, बरोबर ठमीच्या खिडकीखाली. तिथं गाडी लावली आणि मान खाली घालून बसला. गाडी घोंघावतेय, करपल्यासारखा वास सुटलाय, रविवारची दुपार, लोक झोपलेले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी डोकं काढून विचारलं की विमान उडवायचंय का. आणि मग ठमीच खाली आली, भांडायला. कोणाची गाडी आहे, बंद करा, असं म्हणत दारापर्यंत आली आणि थांबली.

दादा म्हणाला, "आत्ता बंद करता येत नाही गं. थोडा वेळ लागेल."

ती वळून वर गेली. त्याला वाटलं, संपलं. पण ती गॅस बंद करायला गेली होती. परत आली आणि पलीकडच्या बाजूनं चढून शेजारी बसली, वहिनी बसायची तिथं. आधी दोघं पंख्याचा आवाज ऐकत राहिले. ती म्हणाली, फिल्टर ना? आत्या सांगत होती. मग समोर बघतच तिनं विचारलं, "घाई नाही, असं का म्हणालात, बाबा? रोज?"

दादानं बराच वेळ स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाला, "तुला बोलावलं असतं तर ती जाणार हे खरं झालं असतं. मला ते खरं करायचं नव्हतं."

ती रडली की नाही, याबद्दल दोघांचं सांगणं जुळत नाही. दादा म्हणतो रडली, ती म्हणते बाबाच रडत होते. आवाज खाली आला, पंखा थांबला, दिवा गेला, तरी दोघांपैकी कोणी दार उघडलं नाही. चार वाजता दादानं आपणच म्हटलं, निघतो, संध्याकाळचे गठ्ठे आहेत. तिनं वर बोलावलं नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "यायचं असेल तर फोन करून या. मी रविवारी असतेच असं नाही."

आल्यावर त्यानं हे सगळं मला उभ्याउभ्याच सांगितलं. वर बोलावलं नाही याचं वाईट वाटलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, फोन करून या म्हणाली. मला नीट ऐकू आलं नसेल असं वाटून त्यानं ते आणखी एकदा सांगितलं.

त्यानंतर गॅरेजवाल्यानं गाडी तपासली. म्हणाला, काका, डबा आरशासारखा आहे, आता दर आठवड्याला पळवायची गरज नाही, महिन्यातून एकदा नेली तरी चालेल. मी शेजारीच उभी होते. दादाचं तोंड एवढंसं झालं. नंतर कितीतरी वेळ तो त्या बिचाऱ्याच्या मागे लागला होता, तुझं मशीन बरोबर दाखवतंय ना, पुन्हा एकदा लावून बघ.