बंबावरचं वाण
कॅलेंडरात अधिक महिना दिसला की मला अनारशांआधी धूर आठवतो. सुरतेत, उधन्याच्या घरी, लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला ताई आणि दाजी आले होते आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. न्हाणीतल्या बंबाचं धुराडं पत्र्यातून वर गेलेलं, त्यातून पाणी उतरून विस्तव दोनदा विझला. जावयाला गार पाण्याने आंघोळ कशी घालायची? बाबांनी पत्र्यावर चढून धुराड्यावर डालड्याचा डबा घट्ट पालथा घातला. पाणी यायचं थांबलं आणि धूर जायचाही थांबला. पाच मिनिटांत दाजी टॉवेलवर खोकत बाहेर आले, नाकापासून पोटापर्यंत काळे. "जावईबापू, रागावू नका हो," आई रडकुंडीला आली. पण दाजी मिलमधले फिटर. "मामी, धुराला वाट नको का?" ते आईला म्हणाले. वाणासाठी मांडलेलं तांब्याचं ताट त्यांनी अनारसे काढून उचललं, तसेच वर चढले, डबा भिरकावला आणि तारेचे तीन पाय लावून ताट धुराड्यावर अधांतरी पालथं बसवलं. बंब धडाडून पेटला. आता घरात गिझर आहे. तरी दर अधिक महिन्याला दाजी विचारतात, "मामी, माझं ताट?" आई म्हणते, "दिलंय की! वर आहे, काढून न्या."