सरांना वाजवलेली घंटी

किन्हीराजाच्या फाट्यावर बानं डोक्यावरची माझी पेटी उतरवली. मोटर येत नव्हती. त्यानं कडुनिंबाच्या सावलीकडं पाहिलं अन् म्हणाला, "उशीर होऊन राह्यला तिले. बस पेटीवर." मोटर आल्यावर एवढंच बोलला, "घाबरू नको कोनाले."

गावातल्यांनो, अन् माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, ते बोलणं अमरावतीच्या कॉलेजात कामाला आलं.

तिथल्या वक्तृत्व मंडळात मला बोलू देत नसत. मी 'मले' म्हणालो की मागची बाकं हसत. म्हणून घंटी अन् घड्याळ माझ्याकडं दिलं. वक्त्याला सात मिनिटं. झाली की वाजवायची.

एका सभेत आमचे प्राध्यापकच बोलायला उभे राहिले. त्यांच्याच चिठ्ठीवर मला वसतिगृहात जागा मिळालेली. काय बोलत होते! मी घड्याळ पाहिलं, सात झाली होती. शेजारचा वसंता कुजबुजला, "सरांना वाजवतोस काय? पेटी घेऊन गावी जाशील परत."

मला आमची सामायिक विहीर आठवली. दुपारी तिथं रोवलेल्या काठीची सावली काळ्या दगडाला टेकली की पाण्याची पाळी बदले. एकदा बाच्या थोरल्या भावाचा, मोठेबाबांचा, शेवटचा वाफा कोरडा राहिला. सावली टेकताच बानं मोट थांबवली. ते तापले, "तुह्यापेक्षा मोठा हाओ मी." बा बैल सोडत म्हणाला, "मोठे तुमी मले. सावलीले नाही."

मी घंटी वाजवली.

सर वाक्याच्या मधोमध थांबले अन् खाली बसले. सभा सुटल्यावर जवळ आले.

"वाक्य चांगलं होतं रे ते," सर म्हणाले. "पुढच्या सभेत घंटी वसंताकडे. तू बोलायचंस."

"मले नाही जमत, सर."

"मग असंच बोल."

मी विहिरीवर बोललो. बाकं हसली, मग गप्प झाली. वसंतानं घंटी वाजवली तेव्हा माझ्या गोष्टीतले बैल सुटायचे राहिले होते. मीही मधेच बसलो. सरांसारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्याच्या जोडीचा एकच, तो विहिरीवर.

आता मी बी.ए. आहे, घराण्यातला पहिला. सांगायला संकोच वाटत नाही. मनगटावर घड्याळ आहे. विहिरीवर इंजिन आलं, पाळी मात्र अजून दगडावरच. मागल्या खेपेला बानं माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं, मग दगडाकडं पाहिलं.

"पुढं हाय तुह्यं," म्हणाला.

मी तिथंच उभ्या उभ्या काटे मागं घेतले.