एका चिंचेचा प्रचार

आमच्या शेजारच्या अण्णांच्या झाडाला चिंच धरली, तेव्हा येळ्ळूरच्या आमच्या गल्लीत बारसं असल्यासारखी माणसं लोटली. झाड हातभर उंचीचं, ताटलीएवढ्या कुंडीतलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी गच्चीवर अशी बोन्साय झाडं वाढवली. त्यांना फळ क्वचितच धरतं. ही चिंच मात्र पुरती बोटाएवढी होती. बुटक्या नवरदेवाच्या कमरेला तलवार लटकावी तशी दिसायची.

बोन्सायवाल्यांची एक मराठी वेबसाइट आहे. सभासद तिथं बातम्या पाठवतात आणि ती चालवणारी मंडळी दर सोमवारी त्यातली एक निवडून पहिल्या पानावर लावतात. तिथं एकदा तरी आपली बातमी यावी, एवढीच अण्णांची हौस. 'वडाची कुंडी बदलली' ही त्यांची बातमी 'घरगुती स्वरूपाची' म्हणून परत आली, तेव्हा त्यांना जेवायलासुद्धा हाका मारून गच्चीवरून उतरवावं लागलं होतं. चिंचेची बातमी त्यांनी खोडून खोडून लिहिली आणि मला वाचून दाखवली. मी दोन-चार विशेषणं घातली, त्यांनी ती काढली, आणि बातमी गेली.

बातमी आवडली की तिच्याखाली बदाम देता येतो हे मला दिसलं, आणि झालं! आमच्या गावाला माणसं गोळा करायला शिकवावं लागत नाही. मोर्चा असो की सोसायटीची निवडणूक, हाक दिली की गल्ली हजर. माझ्या पडवीचं मतदान केंद्र झालं. टेबल, चहा, चिवडा आणि माझं वायफाय. तालमीतली पोरं, बचत गटाच्या बायका, एकेकाला बसवून सभासद करून घेतलं. खाली लिहायचा मजकूरही मीच दिला: 'समस्त ग्रामस्थांतर्फे अण्णांचे हार्दिक अभिनंदन.' समोरच्या आक्कांना बोन्साय म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. "आपल्या अण्णांचं हाय न्हवं? मग दाब की," म्हणत त्यांनी सुनेच्या फोनवरूनही बदाम देऊन टाकला.

अण्णा गच्चीच्या कठड्यावरून बघत होते. संकोचले होते, पण हसू लपत नव्हतं. लई दंगा करू नगा रं, एवढंच म्हणाले. मी खालून कमरेत वाकून मुजरा केला.

संध्याकाळपर्यंत बातमी गायब झाली आणि अण्णांचं खातंही बंद. मग ईमेल आली. गावच्या नाटकांत मी कामं करतो, आवाज चांगला, म्हणून ती मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं आलं. एकाच ठिकाणाहून, एकच मजकूर लिहिणारे बनावट सभासद आढळले, असं त्यात होतं. पुढं लिहिलं होतं, 'आपली बातमी येत्या सोमवारसाठी आम्ही आधीच निवडली होती. नाइलाजाने काढत आहोत.' पडवीत कुणीतरी चिवडा खात होतं, तेही थांबलं.

मी त्या मंडळींना लिहिलं की आमची माणसं सगळी खरी आहेत, हवं तर गल्लीत रांगेनं उभी करून फोटो पाठवतो. त्यांनी नम्रपणे खातं सुरू करून दिलं, बातमी मात्र घेतली नाही. तोवर चिंचही वाळून गळाली होती.

अण्णा रागावले असते तर मी पाय धरले असते, चार अश्रू ढाळले असते, एक प्रवेश रंगला असता. ते म्हणाले, "जाऊ दे रं. आपलीच माणसं."

पण त्यानंतर त्यांनी आम्हाला काही सांगणंच सोडलं. पूर्वी नवा कोंब फुटला तरी कठड्यावरून हाक यायची. आता गच्चीवर झारीचा आवाज तेवढा येतो.

परवा सहज वेबसाइट उघडली. पहिल्या पानावर अण्णांचं उंबराचं झाड, बुंध्यापासून उंबरांनी लगडलेलं! सोमवारी लागलेली बातमी, आणि गुरुवार आला तरी गल्लीत कुणाला पत्ता नाही. खाली मोजके बदाम, सगळे परगावचे. माझा अंगठा बदामापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. आपल्या हातानं पुन्हा काही विपरीत व्हायला नको.

पडवीत आलो. सगळी गल्ली गोळा होईल अशी हाक गळ्यापर्यंत आली होती.

"अण्णा, चहाला येताय काय?" मी एरवीपेक्षा हळू आवाजात विचारलं.

"येतो की."

आले. चहा घेतला, रस्त्याच्या रखडलेल्या कामावर बोलले, माझ्या घशाची चौकशी केली. उंबराचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.