मे महिन्यातला सापळा

मी कॉफी ओतून घेत होतो, तेवढ्यात ग्लेनने माझ्या टेबलावर मेलेला ट्राउट आपटला. अर्धी कॉफी रिपोर्टवर सांडली.

"पुन्हा," तो म्हणाला. "आज सापळे लागले पाहिजेत, अवी."

माशाच्या मानेजवळ दातांची बारीक भोकं होती. बाकी मासा अख्खाच. हे मिंकचं काम. मिंक म्हणजे आपल्या मुंगसाच्या बांध्याचा, चकचकीत तपकिरी प्राणी. फरसाठी प्रसिद्ध. माशासारखा पोहतो, दिसेल त्या भोकात शिरतो. हाताशी लागेल तेवढं मारतो, नेता येईल तेवढं नेतो आणि उरलेलं तिथेच टाकतो.

मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलो आणि फिरत फिरत कॅनडात, कॅल्गरीच्या पश्चिमेला एका खासगी हॅचरीत लागलो. माशांची अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि विकायची, हा आमचा धंदा. ग्लेन तिथला मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, फक्त पेटल्याशिवाय त्याला धूर दिसत नसे. आमची सगळी मदार मोठ्या प्रजनक माद्यांवर होती. त्या वर्षानुवर्षं सांभाळलेल्या, सिमेंटच्या लांबट उघड्या टाक्यांमध्ये. त्या संपल्या की अंडी संपली, हॅचरी बंद आणि आम्ही सगळे घरी.

आदल्या ऑक्टोबरमध्येच ओढ्याकाठी मला मिंकचे पाय उमटलेले दिसले होते. तेव्हाच म्हटलं होतं, टाक्यांना जाळी मारू. सापळा लावायचाच तर आता लावू, पिल्लं मोठी होऊन पांगलेली असतात. ग्लेन म्हणाला होता, "नेक्स्ट बजेटमध्ये बघू." आता साहेब तहान लागल्यावर विहीर खणायला निघाले होते.

"मेमध्ये सापळा नको," मी म्हणालो.

"का?"

"टाकीजवळच्या चिखलातलं पाऊल लहान आहे. नराचं चांगलं मोठं असतं. ही मादी आहे, आणि या दिवसांत तिला पिल्लं असणार."

"असणार, की आहेत? तू पाहिलीस?"

"नाही."

"मी माझे मासे पाहिलेत. मेलेले."

"जाळी मागव."

"यायला दोन आठवडे लागतील. तोवर टाकीत काय उरेल? तू लावत नसशील तर डॅरिल लावेल. लंचच्या आत डझनभर लावून मोकळा होईल."

डॅरिल हा शेजारचा रँचवाला, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणाचा मालक. तो सापळे कसे लावतो ते मी पाहिलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! जिथे ट्रक थांबेल तिथे सापळा. जाळीऐवजी टाक्यांना नुसत्या फळ्या ठोकाव्यात तर पाणी अडतं. मी मनातल्या मनात ग्लेनला दोन शिव्या हासडल्या आणि म्हणालो, "मी लावतो. पण जागा मी ठरवणार."

ट्रॅपिंगचा कोर्स मी केलेला होता, परमिटही होतं. ग्लेनला घेऊन निघालो.

त्याने पहिल्यांदा ओढ्यात उघडणारा पाइप दाखवला. "परफेक्ट स्पॉट!" जागा खरंच उत्तम होती, कारण मिंक काठाकाठाने चालतं आणि पाइप दिसला की आत शिरतंच. पण पाइपच्या तोंडाशी खवल्यांनी भरलेली विष्ठा पडली होती. ती पाणमांजराची. पाणमांजर आमच्या ओढ्यातून कधीच नाहीसं झालं होतं, ते नुकतं कुठे परतलं होतं.

"इथे नाही," मी म्हणालो.

"मग खाद्याच्या शेडमागे?"

"तिथे तुझी बेला फिरते." बेला ही त्याची म्हातारी लॅब्राडॉर.

शेवटच्या टाकीच्या टोकाला एक जुनी फळी होती. तिच्याखाली बोटभर पाणी झिरपायचं. त्या ओल्या चिखलात तेच लहान पाऊल, जाताना आणि येताना. दुसऱ्या कुणाचं नाही. मी लाकडी खोका आणला. त्याचं भोक एवढंच, की कुत्र्याचं किंवा पाणमांजराचं डोकं आत जाऊ नये. आत झटक्यात मान मोडणारा सापळा. आमिष ठेवलं नाही, कारण आमिष सगळ्यांनाच बोलावतं. कोर्समध्ये शिकवलेलं सगळं मी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोक्यात होती. क्षणात मेली असणार. मी तिला उलटी केली. स्तनांभोवतीचे केस झिजलेले होते आणि दाबल्यावर दूध आलं.

मला इतका राग आला की मी तिला तशीच उचलून ग्लेनच्या ऑफिसात नेली. "ये," म्हटलं, "आता तूही ये."

तो मागोमाग आला. फळीपासून ओढ्यापर्यंत दबलेल्या गवताची वाट होती, मध्ये मध्ये खवले. वाट काठाच्या दगडांच्या राशीत गेली. आम्ही वाकून ऐकलं. आतून बारीक, चिरका आवाज येत होता. ग्लेनने स्वतः दगड बाजूला केले. पाच होती. डोळे मिटलेले, अंगावर पांढुरकी लव. एकमेकांच्या अंगाखाली शिरत होती.

"इथेच ठेवली तर?" त्याने विचारलं.

"भुकेने मरतील. हळूहळू."

त्याने दोन ठिकाणी फोन केला. जखमी वन्यप्राणी सांभाळणाऱ्यांकडे एवढ्या लहान मिंकची सोय नव्हती. शेवटी गावातल्या व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, घेऊन या, मी इंजेक्शन देते.

मी ट्रक चालवत होतो. ग्लेनच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका. बाहेर अजून थंडी होती. गावाच्या अलीकडे तो म्हणाला, "अवी, हीटर लावतोस? कुडकुडतायत."

मी हीटर लावला. मारायला नेत होतो त्यांना. व्हेटच्या दारापर्यंत गाडी उबदार होती.

घरी आल्यावर मी बायकोला एवढंच म्हणालो, "आज मासे नकोत."

त्यानंतर मासे मरायचे थांबले. उन्हाळाभर थांबले. ऑगस्टमध्ये एका सकाळी टाकीकाठी पुन्हा दोन ट्राउट पडलेले. फळीखाली पाऊल होतं, या खेपेला चांगलं मोठं. जागा रिकामी झाली होती आणि वाट तशीच उघडी होती. नवं मिंक येणारच होतं. आम्ही सहा जीव मारून तीन महिने मिळवले होते आणि त्या तीन महिन्यांत जाळीची ऑर्डर ग्लेनच्या टेबलावरच पडून होती.

त्या दिवशी तो स्वतः गाडी काढून कॅल्गरीहून जाळी घेऊन आला. संध्याकाळपर्यंत त्याने ती टाक्यांना मारली, फळीखालीही. बैल गेला आणि झोपा केला! पण नीट केला हे मान्य केलं पाहिजे. नंतर तिथे सापळा लावायची वेळच आली नाही.

जाळी यायला दोन आठवडे लागतात असं तो मेमध्ये म्हणाला होता. दुकानात ती ठेवलेलीच होती.

पुढे मी ट्रॅपिंगच्या कोर्सला अधूनमधून शिकवायला जाऊ लागलो. नवे लोक पहिल्याच दिवशी विचारतात, सर, सापळ्याला चांगली जागा कोणती? मी सांगतो: आधी भोक बुजवता येतं का बघा. मग महिना बघा. त्यानंतरही सापळा हातात उरलाच, तर जागेचं बोलू.